भर दुपारचं भय

बनसोडे सरांनी मला आयुष्यात एकदाच घाबरवलं, आणि तेही भर दुपारी, रणरणत्या उन्हात, हातात चहाची किटली असताना. तशी मी भित्री नाही हो. साताऱ्यात आमच्या घरामागूनच स्मशानाची वाट जायची, आणि त्या वाटेवर पडलेल्या चिंचा वेचत आम्ही भावंडं मोठी झालो. लग्न होऊन सांगलीला आले, विश्रामबागेत बिऱ्हाड थाटलं, आष्ट्याच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला लागले, तरी भुताखेताची गोष्ट कुणी काढली की मी नाकच मुरडायची. बनसोडे सरसुद्धा मुरडायचे. म्हणून तर आमचं जमलं.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, हाडकुळे, बुशशर्टाच्या खिशात पेनाऐवजी ब्रश. चहा कायम अर्धा ठेवायचे, आणि का ठेवला म्हणून विचारलं तर कपात बघून म्हणायचे, "रंग चांगला आलाय, पिऊन कशाला घालवायचा?" स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची त्यांची. तिथे बसून हा माणूस अख्खी मधली सुट्टी नुसता बाहेर बघत काढायचा. बाहेर होतं काय, तर ग्राउंड, त्याच्या पलीकडे ऊस, आणि वर आभाळ. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी एकदा तरी त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं असेल, की हे बघतात तरी काय. कुणाला काही दिसलं नाही.

एकदा अमावास्या की काय होती, आणि स्टाफरूममध्ये भुतांचा विषय निघाला. कुणाच्या गावात हडळ, कुणाच्या विहिरीत आसरा. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "आवं बाई, भूत म्हंजे कोन? आपल्यातलंच गेलेलं मानूस. कुनाची तरी सासू, कुनाचा तरी मामा. त्याला कायतरी पायजे असतंय. नारळ पायजे, कोंबडं पायजे. ज्याला कायतरी पायजे असतंय त्याच्यासंगं बोलनी करता येत्यात. भ्यायचं तर, ज्याला आपल्याकडनं काय म्हंजे कायच नको हाय, त्याला भ्यायचं."

"असं कोण असतं, सर?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीतून बाहेर हात केला. "वर बघा की."

वर एप्रिल महिन्यातलं स्वच्छ निळं आभाळ होतं. मी हसले. पण त्या संध्याकाळी एसटीची वाट बघत स्टँडवर उभी असताना सहज मान वर केली, आणि खरं सांगते, लगेच खाली घातली. मी घाईघाईने शेजारच्या बाईला वांग्याचा भाव विचारला.

नववीच्या मुलांना त्यांनी एकदा विषय दिला, 'भीती' काढा म्हणून. वर्गात एकच जल्लोष. चाळीस-पन्नास कागदांवर मोकळे केस, उलटे पाय, लाल डोळे. एका मुलीने मात्र पूर्ण पान कोरं ठेवलं होतं, आणि खाली कोपऱ्यात नखाएवढं एक घर. घराला दार, दारात एक ठिपका. सर तो कागद घेऊन शाळाभर हिंडले. "बघा, बघा हिनं काय केलंय!" डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. हेडमास्तर म्हणाले, "पोरीनं अर्धवट सोडलंय चित्र, एवढं काय त्यात?" सर तो कागद घडी न पाडता घरी घेऊन गेले.

हे वेड कुठून आलं, ते मला पुढे समजलं. सरांचे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या ट्रंकेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुठल्याशा साहेबाने बदलीच्या वेळी टाकून दिलेलं. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे ते कुणी लिहिलंय हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात जुन्या विचित्र कथा होत्या. सरांनी कॉलेजात असताना डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावली. म्हणायचे, "त्या गोष्टींत भूत न्हाई, बाई. मानूस एका जागी जातो, आनि त्याला कळतं की ही जागा त्याच्या आधी हुती, त्याच्या नंतर बी हाय, आनि तिला ह्याचं काय बी पडलेलं न्हाई. बास. एवढ्यानंच मानूस खुळा हुतो." हे सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलतात तसा खाली यायचा. आता हा माणूस देवळात पाऊल न टाकणारा. छप्पन सालानंतर त्यांच्या घराने दीक्षा घेतली, तेव्हा आबा नेमके सुट्टीवर आलेले होते. त्यांनी घरातले सगळे देव स्वतःच्या हाताने पाटीत भरले आणि नदीत सोडून आले. त्या घरात वाढलेला मुलगा. देव मानत नाही, भूत मानत नाही. आणि तो एक दिवस मला म्हणतो, "बाई, मी भ्याचा सिनेमा काढनार हाय. तुमच्या भावाकडं कॅमेरा हाय न्हवं?"

माझा भाऊ संजू साताऱ्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, घरातल्या माडीवर दोन व्हीसीआर, झालं त्याचं दुकान. पहिल्याच भेटीत त्याने सरांना विचारलं, "रात्रीचं शूटिंग असेल ना? हॅलोजन लावावा लागेल."

"रात्र न्हाईच," सर म्हणाले. "अंधारात कुनालाबी भ्या वाटतंय. त्यात आपलं काय कौतुक? सगळं भर दुपारी."

"मग शेवटी मांत्रिक तरी घाला, सर. पब्लिकला लागतो."

"मांत्रिक आला की भ्या गेलं."

संजूने माझ्याकडे असं बघितलं की, ताई, कुठून शोधून आणलास हा नग. पण गंमत अशी की दोन तास बसून सरांनी त्याला सगळी गोष्ट सांगितली, आणि जिना उतरताना संजूच मला म्हणाला, "पैसे नकोत म्हणून सांग त्यांना."

गोष्ट साधी होती. दुष्काळी माळावर एक म्हातारा शेतकरी विहीर खणतोय. पाणी लागत नाही. खाली खाली जाताना एक उभा दगड लागतो. कुणी घडवलेला नाही, पण आपोआप झाला म्हणावं तर तसाही नाही. माणसं तो वर काढून रानात उभा करतात. आणि मग काहीच होत नाही. फक्त भर दुपारी, जेव्हा माणसाची, गुराची, झाडाची सावली पायाखाली गोळा होते, तेव्हा त्या दगडाची सावली लांबच लांब पडलेली असते. एवढंच. घरातली माणसं एकेक करून तिच्याकडे बघत बसायला लागतात. म्हातारा तेवढा बघत नाही. शेवटी घर रिकामं होतं आणि म्हातारा एकटा उरतो.

शूटिंग कवठे महांकाळच्या पुढे, सरांच्या गावी, आबांच्या रानात करायचं ठरलं. रान म्हणजे नुसता माळ. कुसळं, मुरूम, एक कोरडी विहीर आणि एक झोपडी. म्हातारा शेतकरी म्हणून खुद्द आबाच. त्यांना नटवायची गरजच नव्हती. सत्तरीजवळ आलेला माणूस, पाठ ताठ, चालताना अजून कवायत. लढाई बघून आलेला. "मला काय बोलायचं हाय का रं त्यात?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "न्हाई आबा, नुसतं चालायचं." आबा खूश. "मग बरं. बोलून कुनाचं भलं झालंया?"

मी गेले ती संजूला सोबत म्हणून. मे महिन्याची सुट्टी होती, नवरा म्हणाला, "लोक महाबळेश्वरला जातात, तू कवठे महांकाळला चाललीस!" तिथे माझं काम काय, तर कॅमेऱ्यावर छत्री धरायची आणि चहा द्यायचा.

दगड सरांनी स्वतः केला. बांबूचा सांगाडा, त्यावर खुराड्याची जाळी, त्यावर पोती आणि वरून प्लास्टर. पुरुषभर उंचीच्याही वर, एका बाजूला किंचित झुकलेला, काळा. त्यात कुठेही नाक, डोळा, तोंड वाटेल असा उंचवटा दिसला की सर पुन्हा घासायला बसायचे. "डोळं दिसलं की देव झाला. मग कुनी भ्यायचं न्हाई, हात जोडतील." पोती दिली शेजारच्या रानातल्या आक्कांनी. आक्का म्हणजे पाटलांच्या भावकीतली विधवा बाई, भरपूर बोलणारी. गावातून आबांच्या बांधावर येऊन बसणारी तेवढी एकटीच. दगड होत असताना त्या रोज यायच्या आणि सरांना सूचना करायच्या. "मास्तर, हितं जरा फुगवा. पोट न्हाई ह्येला."

आणि मग सावली. कोळशाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून सरांनी ती मुरमावर रंगवली. पूर्ण सकाळ गुडघ्यावर बसून, कडा इतक्या अलगद पुसट करत नेल्या की बाळाला काजळ लावतायत असं वाटावं. बारा वाजत आले. सूर्य डोक्यावर. संजू म्हणाला, "ताई, इथून बघ." मी कॅमेऱ्याच्या बारक्या भिंगाला डोळा लावला. माळावर संजूच्या तिवईला सावली नाही, बाभळीला नाही, उभ्या असलेल्या आबांना नाही. आणि त्या काळ्या गोष्टीची सावली पसरत पसरत माझ्यापर्यंत आलेली. मी सकाळपासून ती रंगवताना बघितली होती हो! कालवलेल्या कोळशाचा तांब्या मीच धुतला होता. तरी मी पाय मागे घेतला. सरांनी ते बघितलं आणि लहान मुलासारखे हसले.

पण ऐन लग्नसराई होती. संजूला साताऱ्यात ओळीने लग्नं होती, सरांना सुट्टीतलं शाळेचं काम होतं. शेवटचा सीन तेवढा राहिला होता. दगड तसाच उभा ठेवून आम्ही परत आलो.

पुन्हा गेलो तेव्हा रस्त्यावरूनच दिसलं. माळावर लाल काहीतरी. जवळ गेल्यावर संजूने खांद्यावरचा कॅमेरा खाली ठेवला. दगड वरपासून खालपर्यंत शेंदराने माखला होता. पुढे नारळाच्या करवंट्या, हिरव्या बांगड्या, उदबत्तीची राख, शेजारी रोवलेल्या बांबूला टांगलेली छोटी घंटा. बांधावर चपलांची ओळ. बायका येत होत्या, चपला काढत होत्या, सावलीला वळसा घालून दगडापुढे हात जोडत होत्या. भर दुपारी सावली पडणाऱ्या देवाची वार्ता शेजारच्या दोन-तीन गावांत गेली होती.

आबा बाभळीखाली दगडाकडे पाठ करून बसलेले. सर जवळ गेले.

"कवापासनं, आबा?"

"तू पाठ फिरवलीस तवापासनं." आबा मुलाकडे बघतसुद्धा नव्हते. "ह्या हातानं घरातलं देव पाटीत भरून नदीला सोडलं. आन आता माज्याच रानात देव उगवलाय. तुज्या हातचा."

तेवढ्यात आक्का ताट घेऊन आल्या. त्यांच्या नातवाची फौजेच्या भरतीत निवड झाली होती आणि त्यांनी या दगडाला नवस बोलला होता. सर कळवळून म्हणाले, "आक्का, आवं पोती तुमीच दिलीसा की! पोत्याचा हाय त्यो!"

"मला ठावं न्हाई व्हय?" आक्का बिलकूल बधल्या नाहीत. "पोत्याचा असंना. हुबं केलं न्हवं? हुबं केलं की त्यात कायतरी येतंयच."

मग मात्र आबा गर्रकन वळले. "आक्का, तुमच्या नातवाला सगळी थंडी पहाटं उठवून पळवला कुनी? म्या! दम लागला म्हनून रडत हुता तवा शिव्या घातल्या कुनी? म्या! आन नारळ ह्येला?"

"तुमाला बी देते की हवालदार एक नारळ," आक्का शांतपणे म्हणाल्या. "आसं लेकरावानी का करताय?"

आम्ही सगळे खदाखदा हसलो. आबांच्याही मिश्या हलल्या. पण आक्का गेल्यावर ते बांधाकडे बघत राहिले, आणि त्यांचा आवाज बदलला. "आक्काची गोष्ट येगळी. बाकीची ही मानसं आजवर रस्त्यावरनंच बोलून जायाची. आमच्या रानात पाय न्हाई टाकला कुनी. आज चपला काढून आत येत्यात."

माझी जीभ काही स्वस्थ बसत नाही. मी म्हणाले, "मग चांगलंच झालं की, आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, म्हणून जास्त लागलं. "बाई, त्या माज्या रानात न्हाई आल्या. दगडाकडं आल्यात."

 सर तिथेच मुरमावर बसले आणि दगडाकडे बघायला लागले. शेवटच्या सीनमध्ये तो दगड हवा होता. रिकाम्या घरातून म्हातारा बाहेर येतो आणि दगडासमोर पहिल्यांदा मान वर करतो, असं त्यांनी वर्षभर मनात घोळवलेलं होतं. शेंदूर पुसून सीन घ्यायचा म्हटलं तर एका दुपारचं काम. पण पुसून उभा ठेवला की पुन्हा लोक येणार. आणि आबा वाट बघत होते, की मुलगा काय करतो. हे सगळं सरांच्या तोंडावर वाचता येत होतं. शेवटी ते उठले. "संजू, दगड फोडायचा."

"आणि शेवट, सर? सिनेमाचा?"

"न्हाई तर न्हाई."

पण चोरून नाही फोडला त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांना बोलावणं धाडलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, तुमचं नारळ, तुमच्या बांगड्या, तुमच्या हातानं उचला. मग मी फोडतो." लोक कुरकुरले. एक-दोघांनी आवाज चढवला. आक्कांनी मात्र एकेक वस्तू पदरात गोळा केली, घंटासुद्धा, आणि म्हणाल्या, "फोड बाबा. तूच केलंस, तूच फोड. खरं कोप झाला तर आमच्याकडं बगू नगंस." सरांनी कुदळ घेतली. प्लास्टर फुटलं, जाळी वाकली, आतून पोती लोंबायला लागली. कालपर्यंत हात जोडणारी माणसं आता थोडी ओशाळून, थोडी चिडून बघत होती. तासाभरात ढिगारा गाडीत भरून झाला.

आणि दुपार झाली. मी किटली घेऊन उभी होते. लोक घरी निघाले होते. आणि मला दिसलं, की माळावर दगड नाही, पण सावली आहे. ती पुसायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लांब, काळी, एकटी. ज्याची ती आहे ते कुठेच नाही. आणि जाणारा प्रत्येक माणूस तिला वळसा घालून जात होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मघाशी आवाज चढवणारा गडीही वळसा घालून गेला. आक्का पदर सावरत वळसा घालून गेल्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला. दबक्या आवाजात म्हणाले, "संजू. कॅमेरा घे."

मग आबांकडे जाऊन म्हणाले, "आबा, हिरीपासनं झोपडीपर्यंत सरळ चालत जायाचं. मधी सावली आली तरी सरळ."

"त्यात काय!" आबा म्हणाले. "कोळशाला भ्यायला मी काय कोंबडी हाय?"

ते निघाले. तीच ताठ पाठ, तीच कवायतीची चाल. सावलीपाशी आले. उजवा पाय उचलला. आणि थांबले. पाय तसाच वर. मग तो हळूच मागे, होता तिथे टेकवला. आणि त्या माणसाने, ज्याने गोळ्या झेलणारी माणसं बघितली, ज्याने देव पाटीत भरून नदीत सोडले, त्याने सावकाश मान वर केली आणि आभाळात बघितलं. ही कुणाची पडलीय, म्हणून.

मीही वर बघितलं. काय सांगू तुम्हाला. वर काही नव्हतं. नुसतं पांढरं तापलेलं आभाळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली आम्ही चार माणसं. माझ्या हातातली किटली कधी पडली मला कळलं नाही. चहा पायावर सांडला तेव्हा भाजल्याचंही समजलं नाही. सर माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आयुष्यभर हा माणूस खिडकीतून जे बघत होता, ते त्या क्षणी त्याच्या बापाच्या तोंडावर आलं होतं.

मग आबा भानावर आले, सरळ सावली तुडवत पार झाले, आणि तडक मुलासमोर येऊन उभे राहिले. "मी थांबलो त्ये पुसून टाक."

"आबा..."

"पुस म्हंतो न्हवं! गावाला दिसलं तर काय म्हंतील? हवालदार दगड फोडून बी भ्याला म्हंतील. परत शेंदूर आनतील." असं म्हणून ते निघून गेले. पाठमोरे आबा मला पहिल्यांदाच म्हातारे वाटले.

साताऱ्याला संजूच्या माडीवर सिनेमा जोडायला घेतला. संजूची एक खोड होती; एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना त्याचं मशीन बदामाचा आकार करायचं, आणि हात सवयीने तेच बटण दाबायचा. पहिल्या दिवशी आमचा तो भयंकर दगड गुलाबी बदामातून प्रकटला. सर इतके हसले, इतके हसले, की माझ्या आईने खालून विचारलं, "लग्न कुणाचं गं?" तेवढंच हसणं. मग ते दृश्य आलं. आम्ही तिघांनी बघितलं. सरांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. 

शेवटी मीच भडाभडा बोलले. "सर, हे काढलंत तर राहिलं काय? सगळा सिनेमा याच्यासाठी केलात. आबांशी मी बोलते, हवं तर भांडते!" संजू म्हणाला, "सर, एवढी लग्नं काढली, पण माणसाच्या तोंडावर असं काही कधीच मिळालं नाही मला."

"मला तरी परत कुठं मिळनार हाय?" सर म्हणाले. टीव्हीवर आबा पाय वर धरून थांबवलेले होते आणि सर त्यांच्याकडे बघत बोलत होते. "बाई, चित्रकलेला जातो म्हनालो, जा म्हनाले. सिनेमात चाला म्हनालो, चालले. आजवर माज्याकडं काय म्हंजे काय मागितलं न्हाई त्यांनी. पयल्यांदा मागितलंया."

"निदान मूळ कॅसेट तरी ठेवा, सर," संजू काकुळतीला आला.

"ठेवली तर कवातरी दावू आपन. मला माजा भरवसा न्हाई." आणि त्यांनी संजूला सरकवून स्वतः रेकॉर्डचं बटण दाबलं, मूळ कॅसेटवरचा तेवढा तुकडा पुसायला. पडद्यावर काळं आलं. मी त्या माणसावर तेव्हा इतकी चिडले होते, की त्यांच्यापुढे जेवणाचं ताट जरा आपटूनच ठेवलं. आणि आत जाऊन रडले.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो सरांच्या गावच्या विहारात, दुपारी, खिडक्यांना पोती लावून. संजूने टीव्ही आणि व्हीसीआर साताऱ्याहून आणला होता. वस्तीतली माणसं होती, गावातलीही आली होती, आक्का पहिल्या रांगेत. विहारात यायला त्यांनी आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनाही ओढून आणलं होतं. पुढे खुर्चीवर आबा, कडक इस्त्रीचा सदरा. लोक बऱ्यापैकी भ्याले. लांब सावली आली तेव्हा एकदम शांतता झाली, एक पोर रडलं. शेवटी आबा न थांबता सरळ सावली तुडवत गेले, तेव्हा टाळ्या पडल्या. "हवालदार भारी!" "लय झ्याक!" आक्का म्हणाल्या, "माजी पोती वळकू येत्याती." मला वाटलं, चला, ज्याच्यासाठी एवढं गमावलं ते तरी पदरात पडलं. आबांना आनंद झाला असेल.

आबांनी टाळी वाजवली नव्हती. लोक पांगले, संजू वायरी गुंडाळायला लागला, तरी ते काळ्या पडद्याकडे बघत खुर्चीतच बसून होते. सर खिडकीवरचं पोतं काढत होते.

"मी थांबलो हुतो, रं," आबा म्हणाले.

सरांचा हात पोत्यावर तसाच राहिला. "तुमीच पुस म्हनालासा, आबा."

"म्हनालो हुतो की."

"मग?"

"मग काय? तवा मी भ्यालो हुतो." आबांनी मुलाकडे मान वळवली. "भ्यालेल्या मानसाचं कुनी आयकतंय व्हय?"

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, रडेल, डोकं आपटून घेईल. मी असते तर तेच केलं असतं. सर आले आणि बापाच्या खुर्चीपुढे फरशीवर मांडी घालून बसले. त्यांच्या तोंडावर दुःखाचा मागमूस नव्हता. माळावर त्या दुपारी आबांकडे बघताना होता ना, तोच चेहरा होता. ते आबांकडे मान वर करून बघत होते.

"सांगा की आबा," ते म्हणाले. "काय वाटलं तवा?"

आबांनी घसा खाकरला, एकदा दाराकडे बघितलं, आणि सांगायला लागले. मी संजूच्या हाताला धरलं, आणि टीव्ही तिथेच ठेवून आम्ही दोघं चपला घालून बाहेर आलो.